सोळाशे मीटर आणि नडगीचं हाड: भरतीसाठी धावताना पाय शाबूत कसे ठेवायचे

सैन्यभरतीची जाहिरात आली की आमच्या फाट्यावर पहाटे साडेचारलाच पोरं दिसायला लागतात. अंगात शाळेतली ट्रॅक पँट, पायात चुलतभावाने वापरून दिलेले बूट, हातात मोबाइलचं स्टॉपवॉच. पहिल्याच सकाळी सोळाशेचं टायमिंग लागतं. दुसऱ्या सकाळी पुन्हा, तिसऱ्या सकाळी पुन्हा. महिना होत आला की त्यातली निम्मी बांधावर बसून नडगीला बाम चोळत असतात.

त्या बांधावर मीही बसलोय. एका अकॅडमीत दोन महिन्यांची बॅच लावली होती. डांबरी रस्त्यावर रोज आठ किलोमीटर, वर रोज टायमिंग. पाचव्या आठवड्यात डाव्या नडगीच्या आतल्या अंगाला, घोट्याच्या वर चार बोटांवर ठणका सुरू झाला. सर म्हणाले, "सगळ्यांचंच दुखतं, पळ." पळलो. भरतीला दहा दिवस उरले असताना जिना उतरता येईना. एक्स-रे स्वच्छ आला, म्हणून आणखी चार दिवस पळलो. पुढे एमआरआय केला तेव्हा हाडाला तडा दिसला. ती भरती गेली आणि पुढच्या वर्षी वयात बसलो नाही.

आता सकाळी गावातल्या पोरापोरींना पळवतो. त्यांना पहिल्या दिवशी जे सांगतो तेच इथे लिहितो: दम लवकर वाढतो, हाड सावकाश वाढतं. चार-सहा आठवड्यांत छाती साथ द्यायला लागते. आपण तयार झालो असं वाटतं आणि तिथेच घात होतो. नवा भार पडला की शरीर आधी जुनं हाड पोखरून काढतं आणि मग त्या जागी नवं भरतं. भिंत पाडून पुन्हा बांधण्यातलाच हा प्रकार, आणि मधल्या काही आठवड्यांत ती भिंत अर्धवट असते. अर्ध्या तासाच्या सावकाश धावण्यात साधारण पाच हजार पावलं पडतात आणि प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट भार एका पायावर येतो. हा हिशोब डोक्यात ठेवूनच पुढचं वाचा.

आधी काय गाठायचंय ते बघा

सैन्यातल्या अग्निवीर जनरल ड्यूटी (जीडी), म्हणजे साध्या शिपायाच्या भरतीच्या मैदानात १.६ किलोमीटर, म्हणजे चारशेच्या ट्रॅकवर चार फेऱ्या. ५ मिनिटं ३० सेकंदांत आलात तर ६० गुण, ५:४५ पर्यंत ४८. २०२५च्या भरतीत याखाली आणखी दोन गट आले आणि शेवटची मर्यादा ६:१५ पर्यंत गेली. बीमचे, म्हणजे आडव्या दांड्याला लटकून हनुवटी वर नेण्याचे, दहा ओढले तर ४० गुण. नऊ फुटांच्या खड्ड्यावरून उडी आणि झिगझॅग बॅलन्स, म्हणजे नागमोडी अरुंद पट्टीवरून तोल सांभाळत चालणं, यात नुसतं पास व्हायचं. मुलींच्या मिलिटरी पोलिसात हेच अंतर पहिल्या गटाला साडेसात मिनिटांत आणि दुसऱ्या गटाला आठ मिनिटांत. केंद्रीय दलांच्या जीडी भरतीत मुलांना ५ किलोमीटर २४ मिनिटांत, मुलींना १.६ किलोमीटर साडेआठ मिनिटांत. आकडे बदलतात, तेव्हा आपल्या वर्षाची जाहिरात स्वतः वाचा. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या फोटोवर विसंबू नका.

साडेपाच मिनिटं म्हणजे फेरीला साडेब्याऐंशी सेकंद, शंभर मीटरला साडेवीसच्या थोडं वर. शंभर मीटर एकवीस सेकंदांत कुणीही पळतं, माझी नववीतली पुतणीसुद्धा. ते सोळा वेळा, न थांबता जमवायचंय. म्हणजे तुम्हाला वेगापेक्षा वेग धरून ठेवण्याची ताकद कमी पडते, आणि ती रोज जीव तोडून पळण्यातून येत नाही. ती येते भरपूर सावकाश पळण्यातून.

पळण्याआधी दवाखाना

शंभर-दोनशे रुपयांसाठी हे टाळू नका. रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि छातीची साधी तपासणी करून घ्या. पळताना छातीत दुखलंय, चक्कर येऊन पडलाय किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलंय, तर ईसीजी काढून डॉक्टरांशी नीट बोलल्याशिवाय सुरुवातच नको. ऑगस्ट-सप्टेंबर २०२४ मध्ये झारखंडच्या उत्पादन शुल्क शिपाई भरतीत दहा किलोमीटर धावण्याच्या चाचणीदरम्यान दहाहून अधिक उमेदवार दगावले. धडधाकट दिसणारी पोरंच होती ती.

नंदुरबार, पालघर, गडचिरोली, चंद्रपूर या पट्ट्यातल्यांनी सिकलसेलची (आईबापांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराची) तपासणी झाली नसेल तर करून घ्यावी. नुसता वाहक असलेला माणूस एरवी ठणठणीत असतो आणि पळूही शकतो. पण उन्हात, पाणी कमी पडलेलं असताना एकदम पूर्ण जोर लावला तर त्याचे स्नायू कोसळू शकतात. वाहकाने भार जास्तच टप्प्याटप्प्याने वाढवावा आणि पाय एकाएकी दगडासारखे जड झाले तर तिथेच थांबावं.

डेंग्यू, चिकुनगुनिया किंवा साधा ताप आला तरी ताप असताना पळायचं नाही. उतरल्यावरही काही दिवस नुसतं चाला. तापाचा परिणाम हृदयाच्या स्नायूवर होऊ शकतो.

मैदान आणि बूट

शाळेचं मातीचं मैदान सगळ्यात चांगलं. कॅनॉलच्या कडेची मुरमाची वाटही चालेल. डांबरी रस्ता कडेला उतरता असतो, त्यावर रोज एकाच बाजूने पळालात तर एक पाय कायम खालच्या अंगाला पडतो. नदीच्या वाळूत पळून पाय मजबूत होतात असं पोरं म्हणतात. नवख्याची पोटरी आणि टाचेची शीर मात्र तिथेच बिघडते.

मैदान मोजून घ्या. छोट्या गोलात मोबाइलचं जीपीएस दर फेरीला थोडं चुकतं. आम्ही गवंड्याकडून तीस मीटरचा टेप आणला, आतल्या कडेपासून हातभर अंतर सोडून मोजत गेलो आणि फक्कीची रेघ मारली. आमचा गोल १८६ मीटरचा निघाला. त्याआधी वर्षभर सगळे त्याला दोनशेचा समजून "पाच-दहा आलं", म्हणजे पाच मिनिटं दहा सेकंद, म्हणत होते. आठ फेऱ्यांत शंभरावर मीटर कमी पळत होते बिचारे.

बूट महागडे नकोत, मापाचे हवेत. अंगठ्यापुढे बोटभर जागा, टाच घट्ट. टाचेचा रबर एका बाजूने झिजला की किंवा बूट टेबलावर ठेवल्यावर कलंडला की तो बदलायचा. अनवाणी पळण्याची लहानपणापासून सवय असेल तर ती एका दिवसात मोडू नका, आणि नसेल तर एका दिवसात लावूही नका.

चार महिन्यांचा आराखडा

पहिले दोन आठवडे चालायचं. यावर हसू नका. आठवड्यातून पाच दिवस, रोज तीस-चाळीस मिनिटं झपाझप. दुसऱ्या आठवड्यात मध्ये मध्ये पळणं घाला: एक मिनिट हलकं पळणं, दोन मिनिटं चालणं, असं आठ ते दहा वेळा. रोज शेतात राबणाऱ्याला हे बाळबोध वाटेल. तरी एक आठवडा द्याच, कारण राबण्याचा भार वेगळा आणि एका पायावर उडून पडण्याचा वेगळा.

तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात एक दिवसाआड पळायचं, आठवड्यातून तीन किंवा चार दिवस. चालण्याची मिनिटं कमी करत सहाव्या आठवड्याअखेर न थांबता वीस-पंचवीस मिनिटं. वेग किती? शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. आमच्याकडे पोरांना पळता पळता काल घरी काय जेवलं ते सांगायला लावतो. "भाकरी… आणि… पिठलं" असं तुटक यायला लागलं की वेग जास्त झाला. सगळ्यात अवघड टप्पा हाच, कारण हळू पळायची लाज वाटते. रस्त्यावरून जाणारा म्हातारा हटकून म्हणतो, "काय रे, असा पळून मिलिटरीत जाणार?" म्हणू द्या.

सातव्या ते दहाव्या आठवड्यात चार दिवस पळणं. त्यातला एक लांब, चाळीस मिनिटांपर्यंत, त्याच बोलत्या वेगाने. दोन दिवस हलकं पळून झाल्यावर ऐंशी मीटरच्या चार-सहा मोकळ्या धावा घ्यायच्या. जोर लावायचा नाही, पाय मोकळे टाकायचे, मध्ये चालत परत यायचं. पायाला वेगाची ओळख इथून होते. तीन आठवडे भार थोडा थोडा वाढवा आणि चौथ्यात कमी करा. हाड भरून निघतं ते या चौथ्या आठवड्यात. तो आळसाचा आठवडा समजून गाळू नका.

खरा वेग अकराव्या ते चौदाव्या आठवड्यात, आठवड्यातून फक्त दोन दिवस, आणि त्या दोघांत निदान दोन दिवसांचं अंतर. लक्ष्य साडेपाच मिनिटांचं असेल तर एका दिवशी दोनशे मीटर ४१ सेकंदांत, आठ वेळा, मध्ये दोनशे चालत. दुसऱ्या दिवशी चारशे मीटर ८३ ते ८५ सेकंदांत, चार वेळा, मध्ये तीन मिनिटं विश्रांती. पुढे पाच वेळा, मग सहा. पहिला चारशे ७४ सेकंदांत आणि शेवटचा ९५ मध्ये आला तर सराव फसला. सगळे सारखे आले पाहिजेत. आजचं टायमिंग सात मिनिटं असेल तर ८३चा हट्ट धरू नका. आजच्या फेरीच्या वेळेतून चार-पाच सेकंद वजा करून त्यावर काम करा. बाकीचे दोन दिवस सावकाश.

आणि टायमिंग? तीन-चार आठवड्यांतून एकदा. रोज सोळाशे पूर्ण जोराने पळणं म्हणजे रोप उपटून मुळं वाढली का ते बघणं.

हातात सहाच आठवडे असतील तर हा आराखडा दाबून बसवू नका. आधीपासून खेळत-पळत असाल तर सातव्या आठवड्यापासून सुरुवात करा. अगदीच नवे असाल तर पाय वाचवत जमेल तेवढं करा आणि पुढच्या भरतीची तयारी आजच सुरू झाली असं धरा. वय साडेसतरा-अठरा असेल तर हे सोपं आहे. वयाची मर्यादा ओलांडायला चार महिने उरलेत त्याला हे ऐकवत नाही, मला ठाऊक आहे. पण तडा गेलेल्या हाडावर सोळाशे निघत नाही, हेही मला ठाऊक आहे.

कोणतं दुखणं कसलं

पळून दुसऱ्या दिवशी दोन्ही मांड्या-पोटऱ्या सारख्याच जड वाटल्या, पाच मिनिटं चालल्यावर मोकळ्या झाल्या, तर काळजी नाही.

नडगीचं दुखणं अंगठ्याने तपासा. खाली बसा, नडगीच्या आतल्या कडेवर अंगठा ठेवा आणि घोट्यापासून गुडघ्याकडे बोट-बोट सरकवत दाबत जा. वीतभर पट्ट्यात सगळीकडे थोडं थोडं दुखलं तर हाडाच्या कडेला सूज-ताण आहे. पळणं निम्मं करा, मातीवर या, वेगाचे दिवस बंद, आणि दहा-पंधरा दिवसांत उतार नसेल तर डॉक्टर. पण एकाच ठिकाणी, बोटाच्या टोकाएवढ्या जागी, दाबताच "आई गं" निघालं तर पळणं त्याच मिनिटाला बंद. त्याच पायावर एकदा हलकी उडी मारून कळ उठली, रात्री अंथरुणात ठणकलं, तर शंकाच नको. नडगीच्या पुढच्या धारेवर मधोमध अशी जागा सापडली तर ती जास्त वाईट. तो तडा सहज भरत नाही. पावलाच्या वरच्या बाजूला आणि जांघेत खोलवर दुखणं यालाही हेच लागू.

हाडांच्या डॉक्टरकडे जाताना "भरतीसाठी पळतो, किती आठवडे, किती किलोमीटर" हे सांगा. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रेमध्ये तडा बहुतेकदा दिसत नाही. माझी फसगत तिथेच झाली. रिपोर्ट स्वच्छ असला तरी दुखणं बिंदूवर असेल तर आराम चालू ठेवा. त्या काळात विहिरीत पोहा, सायकल मारा, दम राहील.

मुलींसाठी एक गोष्ट जादा. सराव वाढला, जेवण वाढलं नाही आणि पाळी लांबली किंवा बंद झाली तर हाडं कमजोर होत चालल्याची ती खूण आहे. "बरंच झालं, कटकट गेली" म्हणून सोडू नका. डॉक्टरांना दाखवा.

पायाची ताकद

आठवड्यातून तीन दिवस, वीस मिनिटं. पायरीच्या कडेला उभं राहून टाचा वर-खाली, आधी दोन्ही पायांवर, मग एकेका पायावर पंधरा वेळा, तीन फेऱ्या. गुडघे थोडे वाकवून तेच पुन्हा. भिंतीला पाठ टेकून पावलांचे पंजे वर उचलणं वीस वेळा. नडगीपुढचा स्नायू यानेच तयार होतो आणि बहुतेक जण नेमकं हेच करत नाहीत. सोबत बैठका, एका पायावरची अर्धी बैठक, प्लँक. तालमीतल्या पोरांना बैठका शिकवायची गरज नसते, फक्त पळण्याच्या दिवशी पाचशे काढून येऊ नका.

बीम मात्र धावून आल्यावर ओढायचा सराव करा. मैदानात धावणं आधी असतं आणि बीम त्याच दिवशी मागोमाग. ताज्या अंगाने बारा काढणारे तिथे सातवर लटकतात.

ऊन, पाणी, जेवण

मार्चनंतर सहा ते साडेसातच्या आतच मोकळे व्हा. उन्हाची सवय व्हायला दहा-चौदा दिवस लागतात. महाबळेश्वरच्या बाजूचं पोरगं नागपूरच्या मैदानात उतरणार असेल तर आधीचे दोन आठवडे थोडं थोडं उन्हात हलकं पळावं. लघवी गडद पिवळी असेल तर पाणी कमी पडतंय. ताक, लिंबू-मीठ-साखर, कोकम सगळं चालतं.

सोबतचा पळताना अडखळू लागला, असंबद्ध बोलू लागला, अंग तापलेलं लागलं तर तो उष्माघात. आधी थंड करा, मग हलवा: सावलीत आडवं घ्या, कपडे सैल करा, बोअरचं किंवा टाकीतलं पाणी अंगभर ओतत राहा, वारा घाला, आणि एकाने तोवर १०८ लावा. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका. घाम येतोय म्हणून उष्माघात नाही असं समजू नका, पळणाऱ्याला घाम असतानाही तो होतो.

जेवणाला वेगळी पावडर लागत नाही. नाचणीच्या शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तेव्हा ज्वारीसोबत नाचणीची भाकरी सुरू करा. दूध, दही, अंडी, मटकी, हरभरा, शेंगदाणे-गूळ. पळण्याआधी एखादं केळं, पळून आल्यावर तासाभरात पोटभर. उपाशी पोटी पळून वर दुपारपर्यंत चहावर राहणारी पोरं लवकर मोडतात. झोप आठ तास. साडेचारला उठायचं तर साडेआठला मोबाइल ठेवावा लागतो, याला पर्याय मला सापडलेला नाही.

मैदानाच्या कडेला कुणी "ताकदीचं" इंजेक्शन देतो म्हणाला तर त्याचं नाव गाव न विचारता निघून या. धावण्याआधी दुखणं दाबायची गोळीही नको. ती तडा झाकते, आणि अंगात पाणी कमी असताना किडनीवर ताण आणते.

शेवटचे पंधरा दिवस आणि मैदान

पंधराव्या आठवड्यात शेवटचं टायमिंग घ्या, भरतीच्या निदान आठ-दहा दिवस आधी. नंतर पळण्याचे दिवस तेवढेच, अंतर निम्मं, मध्ये दोन-चार दोनशेच्या धावा. आता केलेल्या जादा कष्टाचा फायदा त्या दिवसापर्यंत पोचत नाही, थकवा मात्र पोचतो. नवे बूट, नवे मोजे, नवं खाणं, काहीच नको.

रात्री दोन-तीनला रांगेत उभं राहावं लागतं, कधी फुटपाथवर पडून झोपावं लागतं. म्हणून आदल्या रात्रीपेक्षा त्याच्या आदल्या दोन रात्रींची झोप नीट घ्या. सोबत चादर, केळी, गूळ-शेंगदाणे, पाणी. रांगेत बसून पाय आखडतात, तेव्हा तुमची बॅच उठवली की जागच्या जागी दहा मिनिटं हलकं पळा, टाचा वर-खाली करा.

शिट्टी वाजली की पन्नास-शंभर जण एकदम सुटतात. कोपर लागतं, चप्पल-बूट तुडवले जातात, आणि घाबरून सगळेच पहिली फेरी सत्तर सेकंदांत काढतात. तुम्ही ऐंशी-ब्याऐंशीवर राहा. पहिल्या फेरीला तुमच्या पुढे चाळीस जण असतील, असू द्या. वळणावर बाहेरून ओव्हरटेक करू नका, अंतर वाढतं. सरळ पट्ट्यात करा. तिसरी फेरी सगळ्यात वाईट जाते. पुढे निघालेले तिथे एकेक करून मागे पडायला लागतात. समोरच्या एकाच्या पाठीवर नजर ठेवा, त्याला गाठा, मग पुढचा. शेवटच्या दोनशेला जे उरलंय ते सगळं काढा.

रेघ ओलांडल्यावर मटकन खाली बसू नका, डोळ्यांपुढे अंधारी येते. पाच मिनिटं चालत राहा, घोट-घोट पाणी प्या, हात सैल झटका. तळव्यांचा घाम मातीने पुसा आणि बीमच्या रांगेत जा.